सामान्य माणसाच्या नावानं

कोइम्बतूरच्या वकील संघानं एकदा ठराव केला होता, की अमुक पोलिसांचं वकीलपत्र आपल्यापैकी कोणीही घ्यायचं नाही. वकील आणि पोलिस यांच्यातल्या हाणामारीतून ते प्रकरण उभं राहिलं होतं. डिसेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं असे ठराव बेकायदा ठरवले. आरोपी कितीही नकोसा असो, त्याच्या बाजूनं कोणीतरी उभं राहिलंच पाहिजे, असं न्यायालयानं स्वच्छ शब्दांत सांगितलं. मुंबईत २६/११ नंतर हाच प्रश्न किती पेटला होता ते अनेकांना आठवत असेल. कसाबचं वकीलपत्र कोणी घ्यायचं, आणि मुळात का घ्यायचं, यावर घराघरांत वाद झाले होते. म्हणूनच तो २०१० चा निकाल मी मुद्दाम वाचला. त्यात एका अमेरिकी निकालातला उतारा दिलेला आहे. शिकलेला, हुशार माणूससुद्धा कायद्याच्या बाबतीत बहुधा अडाणीच असतो. तो निर्दोष असला तरी आपलं निर्दोषपण सिद्ध कसं करायचं हे त्याला कळत नाही. खटल्याच्या प्रत्येक पावलावर त्याला वकिलाच्या आधाराची गरज असते, असा त्याचा आशय. निकाल १९३२ चा, लिहिणारे न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड.

हे नाव वाचून मी थबकलो. ते माझ्या ओळखीचं होतं, पण अगदी वेगळ्या कारणानं. भारतीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही, हा १९२३ चा निकाल लिहिणारे न्यायमूर्तीही हेच.

एकाच माणसानं नऊ वर्षांच्या अंतरानं हे दोन निकाल लिहिले, ही गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. तेव्हापासून सदरलँड यांच्याबद्दल मिळेल ते वाचत आलो आहे. त्यांना खलनायक ठरवून मोकळं होणं सोपं आहे, आणि त्यांच्या काळाकडे बोट दाखवून त्यांना सोडून देणं त्याहून सोपं आहे. मला दोन्ही पटत नाही.

सदरलँड स्वतः अमेरिकेत जन्मलेले नव्हते. त्यांचा जन्म २५ मार्च १८६२ चा, इंग्लंडमधल्या स्टोनी स्ट्रॅटफर्ड गावातला. आईवडिलांनी मॉर्मन हा अमेरिकेत उगवलेला ख्रिस्ती पंथ स्वीकारला होता, आणि पुढच्याच वर्षी तान्ह्या मुलाला घेऊन ते यूटाकडे निघाले. यूटा तेव्हा राज्यही नव्हतं, नुसता प्रदेश होता. तिथे पोहोचल्यावर वडिलांचं पंथाशी फाटलं, पण कुटुंब शेवटी यूटातच स्थिरावलं. बाराव्या वर्षी शाळा सुटली आणि मुलगा कामाला लागला. कपड्यांच्या दुकानात राबला, पुढे वेल्स फार्गो कंपनीचा एजंट झाला. मग प्रोव्होतल्या ब्रिगहॅम यंग अकॅडमीत शिक्षण, आणि मिशिगन विद्यापीठात कायद्याचा जेमतेम वर्षभराचा अभ्यास. एवढ्या शिदोरीवर तो वकील झाला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या इतिहासात परदेशात जन्मलेले न्यायमूर्ती अवघे सहा. त्यातले हे एक.

बाराव्या वर्षी कमावायला लागलेल्या माणसाच्या मनात सरकारबद्दल एक विशिष्ट भावना तयार होते, असं मला वाटतं. मी कष्ट केले, कोणी मला हात दिला नाही, आता कोणी माझ्या आड येऊ नये. सदरलँड यांचं पुढचं सगळं राजकारण आणि सगळी न्यायदृष्टी या वळणाची आहे. सरकारनं माणसाच्या वाटेत येऊ नये, हा त्यांचा जन्मभराचा आग्रह.

यूटाला १८९६ मध्ये राज्याचा दर्जा मिळाला आणि सदरलँड तिथल्या पहिल्या राज्य सिनेटमध्ये गेले. १९०० मध्ये ते वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहासाठी निवडून आले, एक मुदत काढली, आणि १९०५ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे सिनेटर झाले. तेव्हा सिनेटर जनता निवडत नसे. आपल्याकडे राज्यसभेचे सदस्य आमदार निवडतात, तशी ती निवड राज्याच्या विधिमंडळात होई. दोन मुदती त्यांनी अशा मिळवल्या. १९१३ मध्ये सतरावी घटनादुरुस्ती झाली, सिनेटरची निवडणूक थेट लोकांच्या हाती गेली, आणि १९१६ मध्ये सिनेटसाठी यूटाच्या मतदारांपुढे पहिल्यांदा उभे राहिलेले सदरलँड विल्यम किंग यांच्याकडून हरले. सामान्य माणसाशी त्यांची थेट गाठ पडली ती अशी. या सामान्य माणसाकडे मला परत यायचं आहे.

सिनेटमधली त्यांची बारा वर्षं एका साच्यात बसत नाहीत. फेडरल सरकारनं उद्योगधंद्यांवर नवी बंधनं घालू नयेत, याबद्दल ते ठाम होते. लुई ब्रँडाइस यांची १९१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयावर नेमणूक झाली तेव्हा त्यांनी विरोधात मत दिलं. पुढे त्याच ब्रँडाइस यांच्या शेजारी पंधरा वर्षं बसायची वेळ आली. पण रेल्वेच्या कामगाराला कामावर इजा झाली तर भरपाई मिळावी, या कायद्यासाठी ते झटले. त्यासाठी नेमलेल्या आयोगाचे ते अध्यक्ष होते. १९१२ मध्ये विधेयक सिनेटमध्ये मंजूर करून घेतलं, प्रतिनिधिगृहात ते अडलं. आणि १९१५ मध्ये बायकांना मताचा अधिकार देणारी घटनादुरुस्ती त्यांनी सिनेटमध्ये मांडली. यूटातल्या बायकांनी १८७० मध्येच मतदान केलेलं होतं, तेव्हा तिथल्या सिनेटरला ही मागणी जगावेगळी वाटण्याचं कारण नव्हतं. तरीही त्या काळात रिपब्लिकन पक्षातल्या एका सनातनी वृत्तीच्या माणसानं ती धुरा घ्यावी, याचं मोल मी कमी लेखणार नाही. समान हक्कांच्या घटनादुरुस्तीचा मसुदा करताना स्त्रीहक्कांच्या कार्यकर्त्या अ‍ॅलिस पॉल यांनी त्यांचा सल्ला घेतला होता.

पराभवानंतर त्यांनी वकिली केली, अमेरिकन बार असोसिएशनचं अध्यक्षपद सांभाळलं, कोलंबिया विद्यापीठात राज्यघटना आणि परराष्ट्र व्यवहार या विषयावर व्याख्यानं दिली. सिनेटमधले जुने सहकारी वॉरन हार्डिंग राष्ट्राध्यक्ष झाल्यावर ५ सप्टेंबर १९२२ रोजी त्यांचं नाव सर्वोच्च न्यायालयासाठी गेलं. सिनेटनं ते त्याच दिवशी मंजूर केलं. कसली समिती नाही, कसली उलटतपासणी नाही. आपला माणूस आहे, एवढं पुरेसं होतं.

न्यायासनावर बसल्यावर काही आठवड्यांतच त्यांच्यापुढे नागरिकत्वाचा प्रश्न आला. अमेरिकेचा १७९० पासूनचा कायदा सांगत होता, की बाहेरून आलेल्यांपैकी फक्त ‘स्वतंत्र गोऱ्या व्यक्ती’ नागरिक होऊ शकतात. यादवी युद्धानंतर त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. मधल्या सगळ्यांचं काय? ताकाओ ओझावा जपानहून आले होते, वीस वर्षं अमेरिकी भूमीवर राहिले होते, कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकले होते, घरात इंग्रजी बोलत होते. चारित्र्य आणि शिक्षण या दोन्ही दृष्टींनी हा माणूस नागरिकत्वाला पात्र आहे, हे निकालातच कबूल केलं आहे. तरी नकार. १३ नोव्हेंबर १९२२ च्या त्या निकालात सदरलँड म्हणाले, की गोरा याचा अर्थ कातडीचा रंग नव्हे. गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, म्हणजे तेव्हाचे वंशशास्त्रज्ञ युरोपियनांना ज्या वंशात धरत त्या वंशाचा.

मग तीन महिन्यांत भगतसिंग थिंद आले. अमृतसर जिल्ह्यातला हा शीख तरुण १९१३ मध्ये अमेरिकेत पोहोचला, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात भरती झाला. कॅम्प लुईस या लष्करी तळावरचा त्यांचा फोटो आहे, अंगावर अमेरिकी गणवेश आणि डोक्याला पगडी. १९१८ च्या डिसेंबरात त्यांना नागरिकत्व मिळालं आणि चारच दिवसांत काढून घेतलं गेलं. १९२० मध्ये ओरेगॉनच्या न्यायालयानं ते पुन्हा दिलं, तेव्हा सरकार अपिलात गेलं. थिंद यांच्या बाजूच्या वकिलांमध्ये सखाराम गणेश पंडित होते. ते स्वतः १९१४ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये नागरिक झाले होते. त्यांचा युक्तिवाद न्यायालयानं स्वतःच आखून दिलेल्या रेषेवरून जाणारा होता. गोरा म्हणजे कॉकेशियन असेल, तर त्या काळचं वंशशास्त्र उत्तर भारतीयांना कॉकेशियनच म्हणतं. मग अडचण कुठे आहे?

१९ फेब्रुवारी १९२३ रोजी निकाल लागला, एकमतानं. निकालपत्र छोटं आहे, एका बैठकीत सहज वाचून होतं. सदरलँड यांनी वंशशास्त्र बाजूला ठेवलं. कायद्यातले शब्द हे रोजच्या बोलीतले आहेत, शास्त्रज्ञांचे नाहीत. तेव्हा त्यांचा अर्थ सामान्य माणूस जो घेतो तोच घ्यायचा. सोनेरी केसांचा स्कँडिनेव्हियन आणि सावळा हिंदू यांचा मूळपुरुष कुठल्यातरी धूसर प्राचीन काळात एक असेलही, पण आज त्यांच्यात खोल फरक आहे हे सर्वसाधारण माणूस पक्कं ओळखतो. झालं. नोव्हेंबरात ज्या शास्त्राचा हात धरला होता, तो फेब्रुवारीत सोडून दिला.

मला यातली तर्काची घसरण त्रास देतेच, पण त्याहून जास्त त्रास देते ती दुसरी गोष्ट. बहुसंख्यांच्या मतानं एकट्या माणसाचा हक्क हिरावून घेऊ नये म्हणून न्यायालय असतं, असं सदरलँड आयुष्यभर मानत आले. सरकार बहुमतानं निवडून आलं आहे, म्हणून त्यानं काहीही करावं, हे त्यांना कधी मान्य नव्हतं. आणि इथे एका माणसानं न्यायालयाच्या दारात येऊन हक्क मागितला, तेव्हा त्यांनी निर्णय नेमका गर्दीच्या हाती दिला. सामान्य माणसाला काय वाटतं? त्याला विचारायलाही कोणी गेलं नव्हतं. त्याच्या मनात काय आहे, हे न्यायमूर्तींनी बसल्या जागी ठरवलं.

इथे थांबून आपल्याकडेही बघायला हवं. थिंद खटला आपण आपल्यावरच्या अन्यायाची कहाणी म्हणून सांगतो, आणि तो अन्यायच होता. पण आपल्या बाजूनं युक्तिवाद कशाच्या बळावर झाला? न्यायालयापुढे थिंद उभे होते ते ‘उच्चवर्णीय हिंदू’ म्हणून. शीख असूनही हिंदू, कारण तिथे हिंदुस्थानातून आलेला प्रत्येक जण हिंदूच. आमचं रक्त आर्य आहे, जातीच्या नियमांनी ते शुद्ध राखलं आहे, असा दावा होता. इतकंच नाही. लग्नसंबंधांच्या बाबतीत अमेरिकी माणूस नीग्रोकडे जसा बघतो तसा उच्चवर्णीय हिंदू भारतातल्या मूळ रहिवाशांकडे बघतो, असंही थिंद यांच्या वतीनं लिहून दिलेलं होतं. आम्हीही तुमच्यासारखेच माणसं दूर ठेवतो, म्हणून आम्हाला आत घ्या. ही ओळ वाचताना मला लाज वाटली, आणि ती झाकून ठेवण्यात काही अर्थ नाही. सदरलँड यांनी त्यावर दिलेलं उत्तर तितकंच थंड होतं: जातीच्या नियमांना रक्ताची भेसळ थांबवण्यात पुरतं यश आलेलं दिसत नाही.

या युक्तिवादाच्या सात वर्षं आधी, मे १९१६ मध्ये, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांचे भीमराव आंबेडकर जातिसंस्थेवर निबंध वाचत होते. त्यांनी मांडलं होतं, की भारतातले लोक आर्य, द्रविड, मंगोल, शक अशा अनेक रक्तांच्या मिश्रणातून झालेले आहेत. वंशानं शुद्ध असा समाज कुठेच नाही. आणि जात म्हणजे संस्कृतीनं एक झालेल्या समाजाचे विवाहबंदीनं केलेले कृत्रिम तुकडे. सदरलँड तेव्हा सिनेटमध्ये होते. त्यांच्या कानावर हा निबंध जाण्याची शक्यता नव्हती, आणि थिंद यांच्या वकिलांनीही तो मार्ग धरला नाही. धरला असता तर खटला जिंकता आला असता असं मी म्हणत नाही. कायदाच गोऱ्या माणसांपुरता होता, त्यात शिरायला वंशाखेरीज दरवाजा नव्हता. पण त्या दरवाजासमोर उभं राहून कोण कुठली भाषा बोलतं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

निकालाचे परिणाम कागदावर राहिले नाहीत. ज्यांना आधी नागरिकत्व मिळालं होतं त्यांच्यावर सरकारनं एकामागून एक दावे लावले. कॅलिफोर्नियात नागरिक होण्यास अपात्र माणसाला शेतजमीन घेता येत नसे, तेव्हा तिथल्या पंजाबी शेतकऱ्यांच्या जमिनीवर गदा आली. पेशावरहून १९१५ मध्ये बायकोमुलांसह सॅन फ्रान्सिस्कोला येऊन दुकान थाटणारे वैष्णोदास बगई यांचं नागरिकत्व गेलं, आणि १९२८ मध्ये त्यांनी जीव दिला. सोन्याच्या पिंजऱ्यात जगण्यात काय अर्थ आहे, असं त्यांनी मागे ठेवलेल्या पत्रात विचारलं होतं. ते पत्र तिथल्या वर्तमानपत्रात छापून आलं. आणखी एक धागा असा, की अपात्र परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकी बाईचं स्वतःचं नागरिकत्व तेव्हाच्या कायद्यानं जात असे. क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्या पत्नी मेरी यांच्यावर ती वेळ आली. बायकांच्या मताधिकारासाठी सिनेटमध्ये उभ्या राहिलेल्या माणसाच्या निकालानं अमेरिकेतच जन्मलेल्या बाईला बिनदेशाचं केलं.

बायकांच्या हक्कांचा त्यांचा आग्रह न्यायालयात आल्यावर कुठे पोहोचला तेही बघण्यासारखं आहे. थिंद निकालानंतर सातच आठवड्यांनी, एप्रिल १९२३ मध्ये, वॉशिंग्टन शहरातल्या कामकरी बायकांना किमान वेतन देणारा कायदा त्यांनी घटनाबाह्य ठरवला. खटल्यातली एक बाई हॉटेलात लिफ्ट चालवत होती. एकवीस वर्षांची, महिना ३५ डॉलर आणि दोन वेळचं जेवण. सदरलँड यांचं म्हणणं, मताधिकार देणाऱ्या एकोणिसाव्या घटनादुरुस्तीनं बाई पुरुषाच्या बरोबरीला आली, मग तिच्या करारात सरकारनं का पडावं? ऐकायला समानता, हातात पडलं ते ३५ डॉलर. १९३७ मध्ये न्यायालयानंच तो निकाल उलटवला, वेनॅची गावच्या हॉटेलात खोल्या साफ करणाऱ्या एल्सी पॅरिश यांच्या खटल्यात. सदरलँड यांनी विरोधी मत लिहिलं, की आर्थिक भरती-ओहोटीबरोबर राज्यघटनेचा अर्थ बदलत नसतो. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या मंदीकाळातल्या कायद्यांना अडवणाऱ्या चार न्यायमूर्तींमध्ये त्यांची गणना होते, आणि त्या चौघांतलं सर्वात विचारी डोकं त्यांचंच मानलं जातं.

आणि तरीही १९३२.

मार्च १९३१ मध्ये अलाबामात मालगाडीतून चाललेल्या नऊ कृष्णवर्णीय मुलांना पकडलं. सर्वात लहान तेरा वर्षांचा. दोन गोऱ्या मुलींवर बलात्कार केल्याचा आरोप. स्कॉट्सबरोच्या न्यायालयाबाहेर एवढा जमाव, की मुलांना सैनिकांच्या पहाऱ्यात आणावं लागलं. अटकेनंतर बारा दिवसांत खटले सुरू झाले, एकेक खटला दिवसभरात आटोपला, आठ जणांना मृत्युदंड. वकील? न्यायाधीशांनी गावातल्या समस्त वकीलवर्गाला नेमून टाकलं होतं. सगळे नेमले म्हणजे कोणीच नेमला नाही. ७ नोव्हेंबर १९३२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सात विरुद्ध दोन मतांनी त्या शिक्षा रद्द केल्या, आणि निकाल लिहिला सदरलँड यांनी. मुलांचं कोवळं वय, त्यांचं निरक्षरपण, घरापासून दूर एकटं पडणं, बाहेरच्या लोकांचा द्वेष, हे सगळं त्यांनी एकेक करून मोजलं. त्यातूनच ते वाक्य आलं, जे पुढे आपल्या न्यायालयानं उद्धृत केलं.

मी हे दोन निकाल पाठोपाठ वाचतो तेव्हा मला दिसतं ते हे. स्कॉट्सबरोच्या रस्त्यावर जो जमाव उभा होता, तोच सामान्य माणूस होता. पहिल्यांदा सदरलँड यांनी त्याला कोश समजून त्याच्याकडे शब्दाचा अर्थ विचारला. दुसऱ्यांदा तोच माणूस न्यायालयाबाहेर उभा असलेला त्यांना दिसला, आणि त्याच्यापासून आरोपीला वाचवायला हवं हे त्यांना कळलं. या नऊ वर्षांत ते बदलले होते असं मला वाटत नाही. त्यांच्या बाकीच्या निकालांत तसा पुरावा नाही. माझा अंदाज वेगळा आहे. न्यायालयात उभ्या केलेल्या माणसाचा श्वास सरकारच्या मुठीत आहे, हे त्यांना सहज दिसे, कारण सरकारची मूठ ओळखायला ते लहानपणापासून शिकले होते. दारावर थांबवलेल्या माणसावरही तीच मूठ आहे, हे त्यांना दिसलं नाही. एका वर्षाचे असताना ते स्वतः त्या दारातून आत आले होते, आणि तेव्हा त्यांना कोणी अडवलं नव्हतं.

जानेवारी १९३८ मध्ये सदरलँड निवृत्त झाले, जुलै १९४२ मध्ये वारले. थिंद निकाल न्यायालयानं स्वतः कधी उलटवला नाही. सखाराम पंडित यांच्यावरही सरकारनं नागरिकत्व रद्द करण्याचा दावा लावला होता, पण ते कसलेले वकील. १९१४ मध्ये सरकारनं विरोध केला होता आणि हरल्यावर अपील केलं नव्हतं, तेव्हा आता तोच प्रश्न पुन्हा उकरता येणार नाही, या मुद्द्यावर १९२६ मध्ये ते जिंकले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. ज्या न्यायासनावर सदरलँड बसत होते, त्यानं १९२७ मध्ये प्रकरण ऐकायलाच नकार दिला, आणि उरलेले दावे सरकारनं हळूहळू सोडून दिले. महायुद्धात लढलेल्या परदेशी सैनिकांना वंश न बघता नागरिकत्व देणारा कायदा काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकी संसदेनं, १९३५ मध्ये केला आणि थिंद १९३६ मध्ये तिसऱ्यांदा अमेरिकेचे नागरिक झाले, या वेळी कायमचे. बाकीच्या भारतीयांना १९४६ पर्यंत थांबावं लागलं. तेव्हाही वर्षाला शंभर माणसांना येऊ द्यायचं, एवढीच मुभा होती.